मदत हवी आहे : जुन्या बोलेरोचं क्राउन ऑइल घरीच बदलायचंय

नमस्कार मंडळी. बाबांची जुनी बोलेरो आहे. मागच्या डिफरन्शियलचं (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा संच), म्हणजे क्राउनचं ऑइल कधी बदललं होतं ते घरात कोणालाच आठवत नाही. गाडी मला फार जवळची आहे, म्हणून हे काम स्वतःच्या हातानं करायचंय.

जुनं ऑइल काढण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहायचं, एवढं पक्कं माहीत आहे; नाहीतर हौजिंग (या गिअरभोवतीचं कवच) रिकामं आणि गाडी जागेवर. आणि अडचण नेमकी तिथेच आहे. तो बोल्ट गंजून बसलाय, कडाही झिजल्यात. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, तरी हलत नाही. टॉर्चनं शेकावं का? आत ऑइल, शेजारी ऑइल अडवणारं रबरी सील, म्हणून धीर होत नाही. की वर नट वेल्ड करून फिरवणं बरं?

दुसरं, ऑइल जीएल-५ च (जास्त भार सोसणाऱ्या गिअर ऑइलचा दर्जा) घेणार, पण पिनियन सीलपाशी (इंजिनाकडून येणारा दांडा जिथे आत शिरतो तिथलं सील) ओल दिसते. ग्रेड ९० च ठेवू की जास्त दाट १४० घालू? मला तरी आधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) साफ करावासा वाटतो, तो तुंबला की दाब सीलवरच येतो. घाटात भरलेली गाडी चालवणाऱ्यांनी अनुभव जरूर सांगा.