मदत हवी आहे: बंद खदानीच्या जमिनीचा वाद

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातल्या एका तुकड्यावर आजोबांनी एका ठेकेदाराला दगडाची खदान पट्ट्यानं दिली होती. ती बंद पडून जमाना झाला. आज तिथं बाभळी आहेत अन् खड्ड्यात पावसाचं पाणी. आता ठेकेदाराचे नातू म्हणतात, जमीन आमची! कारण गटवारीनंतर (जुन्या सर्वे नंबरांचे गट नंबर झाल्यावर) सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून त्यांच्या आजोबाचं नाव लागलं.

1954-55 च्या खासरा पत्रकात (मराठवाड्यातली जुनी जमीन-नोंद) मात्र आमच्या पणजोबांचं नाव स्वच्छ आहे. खरेदीखत ठेकेदाराच्या नातवांकडं नाहीच. ज्या फेरफारानं नाव बदललं तो मागितला, तर 'पान जीर्ण, नक्कल देता येत नाही' असा शेरा मारून अर्ज परत आला.

महसूल अधिनियमाच्या कलम 48 प्रमाणे खालचा दगड सरकारचा, त्यावर आमचं काही म्हणणं नाही. वाद जमिनीचा आहे.

कलम 155 ची दुरुस्ती लेखनातल्या चुकीपुरती असते, म्हणून विचारतो: विलंब माफीसह प्रांत अधिकाऱ्याकडं अपील करावं, की सरळ दिवाणी कोर्टात मालकी जाहीर करून मागावी? ते नातू 12 वर्षांच्या कब्जानं मालकी मिळाली हा मुद्दा काढणार. पट्टेदाराचा कब्जा मालकीचा होत नाही, पण मूळ पट्टाच आमच्याकडं नाही. तो पट्टा होता हे दाखवायला जिल्ह्याच्या गौण खनिज शाखेत जुन्या रॉयल्टीच्या नोंदी मिळतात का? निजामकाळातला एक उर्दू कागदही आहे; कोर्टात चालेल असं भाषांतर कोण करून देतं? आई फार खचलीय. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.