आईला क्रूझवर नेताय? आधी खोली कुठे आहे ते बघा

बी-४०२: नमस्कार मंडळी. आईची सत्तरी झाली, तिला सात दिवसांच्या क्रूझवर न्यायचं मनात आहे. पण तिला गाडी लागते. जहाजावर कसं निभावेल? आपल्या सोसायटीतलं कुणी जाऊन आलंय का?

ए-१०१: आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, सासूबाई बरोबर होत्या. सविस्तर लिहिते, थोडा वेळ द्या.

सी-३०३: एवढ्या मोठ्या जहाजात काही जाणवत नाही म्हणतात. खाली माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात ना?

ए-१०१: असतात दादा, आणि जहाज डावी-उजवीकडे कलतं ते त्यांनी बरंच कमी होतं. पण समोरून लाट आली की नाक वर जातं, खाली येतं. त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. आम्ही नेमके तिथेच फसलो. स्वस्तात मिळाली म्हणून अगदी पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची खोली घेतली होती. सी-सॉच्या टोकाला बसल्यासारखंच ते. दुसऱ्या रात्री वारा सुटला आणि सासूबाईंनी पहाटेपर्यंत डोकं उशीवरून उचललं नाही. खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे क्षितिजही दिसेना. कानाला हालचाल कळते, डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते, त्या गोंधळातूनच मळमळतं. सकाळी त्यांना धरून जहाजाच्या मध्यावर, खालच्या उघड्या डेकवर नेलं, दूर नजर लावून बसवलं. अर्ध्या तासात चेहऱ्यावर रंग आला. मला फार अपराधी वाटलं त्या दिवशी. पैसे वाचवायचे तर एक दिवस कमी करा, पण खोली मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरचीच घ्या.

बी-४०२: हे आधी माहीतच नव्हतं ताई. गोळ्या बरोबर ठेवू का?

डी-२०१: डॉक्टरांना विचारूनच ठेवा. बऱ्याचशा गोळ्या त्रास सुरू व्हायच्या आधी घ्याव्या लागतात, आणि काहींनी म्हाताऱ्या माणसांना गुंगी येते. रात्री बाथरूमला उठताना तोल जायला नको. आणखी एक, जेवायच्या आधी हात साबणाने धुवायला लावा. जहाजावर नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, झपाट्याने पसरतो, त्याच्यावर सॅनिटायझरचा भरवसा नाही.

सी-३०३: पहिल्या दिवशी संकटात काय करायचं याची कसली तरी ड्रिल असते म्हणे. आईंना त्यातून सूट मिळेल का?

ए-१०१: सूट मागूच नका! २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळली. ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हा २४ तासांत घेतली तरी चालायची. आता निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा आईंना तोंडपाठ करून द्या. खोलीपासून मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटात जमायच्या जागेपर्यंत, त्यांना एकदा जिन्याने चालवून आणा, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. जिना जमत नसेल तर पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा, मदतीला माणूस नेमतात. सासूबाईंचा आम्ही असाच नोंदवला होता.

बी-४०२: आईचे गुडघे दुखतात. बंदरावर उतरायला त्रास होईल का?

ए-१०१: जहाज धक्क्याला लागलं तर नाही. पण काही ठिकाणी ते बाहेरच नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. बोट वरखाली होत असते, पाऊल टाकणं अवघड जातं. बुकिंगआधी विचारा कुठलं बंदर टेंडरचं आहे. स्वतःहून फिरायला गेलात तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, मोबाईल आपोआप तिथली स्थानिक वेळ लावतो. एक जोडपं धक्क्यावर धावत आलेलं मी डेकवरून पाहिलं, शिडी काढून झाली होती. ती बाई हात हलवत राहिली. अजून डोळ्यांसमोर आहे.

डी-२०१: समुद्रात मोबाईल एअरप्लेन मोडवर. नाहीतर उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल बघवत नाही.

बी-४०२: जहाजाचा नकाशा उघडलाय. पाचव्या मजल्यावर, बरोबर मध्यावर खिडकीची खोली आहे. घेऊ?

ए-१०१: तिच्या वर आणि खाली काय आहे बघा. थिएटर किंवा डिस्को असेल तर आईंना रात्री झोप लागणार नाही.

बी-४०२: दोन्हीकडे खोल्याच आहेत.

ए-१०१: मग लगेच घ्या. अशा खोल्या आधी जातात.