‘सोडून दिला’ म्हणजे नक्की काय? कोयना-कृष्णेतला महाशीर आणि गळवाले

कोयनाकाठ (धागा सुरू करणारे)

दिवाळीनंतर पाणी निवळलं की कराडच्या वर कोयनेच्या आणि खाली कृष्णेच्या डोहांवर रॉडवाल्यांची वर्दळ वाढते. मग खडशीचे, म्हणजे आपल्या दख्खनी महाशीर माशाचे, हातात उभे लटकवलेले फोटो फिरू लागतात. खाली ओळ असते, ‘सोडून दिला’. माझं स्पष्ट मत आहे की यातले बरेच मासे नुसते पाण्यात टाकलेले असतात. सोडण्याचं काम गळ टाकण्याआधी सुरू होतं. ती तयारी नसेल तर महाशीरच्या डोहावर बसू नये. आणि मार्चपासून पाऊस लागेपर्यंत तयारी असली तरी बसू नये.

आता तयारीचं बोलू. सामान हलकं नको. हलक्या दोरीवर मोठा मासा काढल्याची बढाई माशाच्या जिवावर असते. झुंज लांबली की त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, आणि सोडल्यावर पोहत गेलेला मासा तासाभराने उलटा होऊ शकतो. आठ-नऊ फुटी रॉड, ३० पौंडाचा ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे वेणीसारखी विणलेली दोरी, तिच्या पुढे दीड-दोन मीटर ४० पौंडी लीडर, म्हणजे गळाजवळचा मजबूत तुकडा. लीडर लागतोच, कारण महाशीर पहिल्या धावेत कातळाच्या कडेला घासत जातो आणि ब्रेड तिथे शिवणाच्या दोऱ्यासारखी तुटते. तुटलेली दोरी आणि तोंडातला गळ घेऊन मासा कपारीत अडकतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घरीच स्प्रिंगच्या वजनकाट्याला दोरी बांधून लावा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला, साडेचार किलोच्या आसपास, रिळातून दोरी सुटली पाहिजे. अंदाजाने फिरवलेला ड्रॅग बहुधा फार सैल निघतो आणि पाच मिनिटांचं काम वीस मिनिटांवर जातं.

गळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, शंख-खेकडे भरडायला. बारीक तारेचा गळ तो सरळ चपटा करतो. म्हणून जाड तारेचा एकेरी गळ, २/० ते ४/० मापाचा. लूरवरचे, म्हणजे नकली आमिषावरचे, तिहेरी गळ काढून एकेरी लावा. तिहेरीतला एक ओठात आणि दुसरा डोळ्यात किंवा कल्ल्यात, असं हमखास होतं. गळाचा उलटा दात पक्कडीने दाबून टाका. पक्कड गळाच्या टोकाच्या दिशेनेच धरायची, आडवी धरून दाबली तर टोकच मोडतं. मग गळ जुन्या सुती कापडात टोचून मागे ओढून बघा. एकही धागा अडकला तर दात शिल्लक आहे. स्टेनलेसचा गळ वापरू नका, आत राहिला तर गंजून गळून पडत नाही. गळ घशात गेलाच असेल तर उपसत बसू नका, गळाच्या दोरी बांधायच्या भोकाजवळ दोरी कापा आणि मासा सोडा.

कणकेचा मऊ गोळा मासा चोखून आत ओढतो. त्यापेक्षा नाचणीचं पीठ घट्ट मळून, लिंबाएवढे गोळे करून अर्धा तास उकळा. बाहेरून रबरासारखे होतात, चिलापी (तिलापिया मासा) कुरतडत नाही. गळाचं टोक गोळ्याबाहेर ठेवायचं, दोरी ताणलेली आणि रॉड हातात. रॉड दगडाला टेकवून चहा करायला गेलात की गळ घशात गेलाच म्हणून समजा.

मासा काठावर घ्यायचाच नाही. गुडघाभर पाण्यात, बिनगाठीच्या रबरी जाळीत, ओल्या हातांनी गळ काढायचा. तापलेल्या वाळूवर एकदा टेकवला तरी अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे तिथेच बुरशी धरते. हवेत फार तर १० सेकंद, तोही आडवा, पोटाखाली हात देऊन. वजनासाठी कल्ल्यात आकडा घालू नका. नाकापासून शेपटीपर्यंत लांबी आणि सर्वात जाड ठिकाणचा घेर इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ८००, उत्तर पौंडात. ३० इंच लांब आणि १६ इंच घेर असेल तर ९.६ पौंड, म्हणजे सुमारे ४.३५ किलो. फोटोसोबत हा आकडा पुरेसा आहे. डोहाचं नाव टाकू नका.

सोडताना तोंड प्रवाहाकडे, एक हात शेपटीच्या देठाला, एक छातीच्या परांमागे. मागेपुढे हलवू नका, उलटं पाणी कल्ल्यांना चालत नाही. मासा जरा कलता करून डोळा बघा. शुद्धीवर असलेल्या माशाचा डोळा फिरून पातळी धरतो. डोळा अंगाबरोबरच कलला तर अजून थांबा. शेपटीचा झटका देऊन तो हातातून सुटला पाहिजे.

आणि मार्चनंतर का नको? २० अंशांच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात शेवाळ आणि सांडपाणी असेल तर पहाटे त्याहून खूप कमी. दमलेल्या माशाला श्वासच पुरत नाही.

हरिपूर_घाट

तुमची पद्धत चांगली आहे, पण ती आमच्या नदीला लागू करून बघा. गुडघाभर पाण्यात उभं राहून मासा सांभाळा म्हणता. औदुंबर, भिलवडी, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेला मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, आणि काठावर घेतलं तर मासा मरतो. शिवाय धडपडणारा, नंतर सुन्न होऊन संथ पोहणारा मासा मगरीला आणि पाणमांजराला आयता सापडतो. सोडणारा तोपर्यंत घाट चढून गेलेला असतो, त्याला तो मासा जगलाच असं वाटतं.

दुसरं म्हणजे तुम्ही हिशोब एका माशाचा आणि एका माणसाचा करता. उन्हाळ्याआधीच, बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसले की नदी तुकड्यातुकड्यांत थांबते. मोठे मासे दोन-चार खोल डोहांत गोळा होतात. एकेका डोहावर रविवारी पाच रॉड लागले तर तोच महाशीर पुन्हा पुन्हा पकडला जाणार. प्रत्येकाने तुमचे नियम शब्दशः पाळले तरी माशाला सावरायला दिवस मिळत नाहीत.

महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, वाड्याकडे वैतरणेवर तिळसे आहे. तिथे देवाचे म्हणून महाशीर राखलेत, गळ टाकायचा प्रश्नच येत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांब मासे पायरीशी येतात. कृष्णेवरही प्रत्येक तालुक्यात एकेक डोह असा राखावा. मजेसाठी कुणाच्या तोंडात लोखंड घालायचं आणि मग त्याची काळजी घ्यायची, यातली काळजी मला पटत नाही.

भोईवाडा_मिरज

ताई, डोह राखा म्हणता, पण राखायला रात्री कोण बसणार? महाशीर गळाने संपलेला नाही. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात ब्लीचिंग पावडर ओतली की अंगठ्याएवढ्या पिल्लापासून वामेपर्यंत सगळं तरंगतं. इन्व्हर्टर आणि बॅटरी पाठीवर बांधून दोन काठ्यांनी करंट देतात, त्यात वाचलेल्या माशाचाही कणा मोडतो. वर घाटातल्या ओढ्यांत जिलेटिनचे स्फोट. मत्स्यव्यवसायाच्या १८९७ च्या कायद्यातच स्फोटकं आणि विष यांना बंदी आहे, पण पकडायला कुणी येत नाही. डोहावर दिवसभर बसलेला गळवाला असला तर निदान दिवसा करंटवाला येत नाही.

बरग्यांचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. पावसाच्या तोंडावर बरगे काढतात तेव्हा तळाला साचलेलं काळं पाणी एकदम खाली सुटतं. त्यात श्वास घ्यायला काही नसतं, मासे तोंड वर काढून काठाला लागतात. आणि महाशीर अंडी घालायला पावसात वरच्या स्वच्छ खडीच्या उताराला चढतो. त्याच्या वाटेत बंधारा, वर धरण, आणि जिथे अंडी घालायची ती खडी उपसून नेलेली. हे सगळं सोडून रॉडवर बंदी आणली की पहिला दंड भरणार तंगूस आणि वेळूची काठी घेऊन बसणारा माणूस. त्याच्याकडे रबरी जाळी नाही, ब्रेड दोरी नाही, संध्याकाळच्या कालवणाला दोन मासे मात्र लागतात.

कोयनाकाठ दादांना एवढंच विचारतो की सगळंच सोडायचं का? चिलापी परत पाण्यात टाकणं हा गुन्हाच समजा, ती बाहेरची आहे आणि दुसऱ्यांची अंडी खाते. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर लागला तर तोही परत जाता कामा नये. मरळ, वाम, शिवडा बेतानं खा. महाशीर तेवढा सोडा, माझी काहीच हरकत नाही.

शिराळा_पेठ

एवढा वाद कशाला? टाटा पॉवरच्या लोणावळ्याच्या केंद्रात महाशीरचं बीज तयार होतंय, ते आणून सोडा. आणि दख्खनी महाशीर आता जागतिक लाल यादीत कमी चिंतेच्या गटात आहे. इतकं घाबरण्यासारखं काय आहे?

वारणाकाठ

शिराळकर, नेमकं बीज सोडूनच कावेरीत काय झालं ते बघा. लोणावळ्याचं दख्खनी महाशीरचं बीज कावेरीत सोडलं गेलं, तिथे ते वाढलं, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर मागे पडत गेला. तो कोणत्या जातीचा हे २०१८ मध्ये नक्की झालं आणि लगेच त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी आहे, खडशी आपलीच आहे. इंग्रज निसर्गअभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतून, म्हणजे भीमेच्या, पर्यायाने कृष्णेच्याच खोऱ्यातून. म्हणून बीज सोडायचंच झालं तर याच खोऱ्यातल्या माशांपासून तयार केलेलं हवं, आणि आधी खडीचा उतार हवा. नाहीतर बोटाएवढी पिल्लं सोडायची, फोटो काढायचा आणि पहिल्या ब्लीचिंगला ती मरू द्यायची. लाल यादीतला गट त्या जातीच्या सगळ्या वावराचा मिळून असतो. कृष्णेच्या एका डोहात किती मासे उरलेत हे त्यावरून कळत नाही.

हरिपूरताई, सोडलेला मासा मरतोच असं मात्र नाही. कावेरीतच निळ्या पराच्या महाशीरवर, म्हणजे याच जातीवर, अभ्यास झालेला आहे. बहुतेकांना गळ तोंडातच लागलेला होता आणि नंतर मेलेले फार थोडे. त्रास वाढला तो लांबलेल्या झुंजीने आणि हवेत धरण्याने, आणि मोठ्या माशांना जास्त. म्हणजे फोटोसाठी जो मासा सगळ्यांना हवा असतो तोच सर्वात नाजूक. कोयनाकाठांच्या नियमांत म्हणून एक भर घालावी: १० किलोच्या वरचा मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही, १० सेकंदही नाही.

आणखी एक, जे धाग्यात कुणी लिहिलं नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्या हद्दीत शिवसागरच्या (कोयना धरण) किंवा वसंतसागरच्या (चांदोली धरण) पाण्यात रॉड टाकायचा विचारही नको. हद्दीबाहेरच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका असतो, तो ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिला विचारल्याशिवाय बसायचं नाही.

कोयनाकाठ

मगरींचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता. जिथे पाण्यात उतरता येत नाही तिथे महाशीरसाठी गळ टाकायचाच नाही. म्हणजे सांगलीच्या वरचा मगरींचा पट्टा माझ्याकडून वगळला. कोयनेवरही धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पाणी सोडतात तेव्हा पातळी झपाट्याने चढते. भोंगा वाजला की जाळीत मासा असला तरी आधी तो सोडा आणि वर या.

बंधाऱ्याखालच्या कोंडलेल्या डोहांबद्दलही ताईंचं बरोबर आहे. बरगे बसल्यापासून ते निघेपर्यंत तिथे कुणी बसू नये. वाहत्या पाण्यात एका दिवशी एका माणसाने एकच महाशीर, तो लागला की महाशीरचं सामान गुंडाळायचं. मग हवं तर चिलापी धरा, भोईवाडा भाऊ म्हणतात तशी, आणि घरी न्या.

पण संपूर्ण बंदी मला अजूनही मान्य नाही. ज्यांनी डोळ्याची पातळी बघत दहा मिनिटं थंड पाण्यात उभं राहून मासा सोडलाय, तीच माणसं करंटवाल्यांविरुद्ध तक्रार करायला पोलीस ठाण्यात येतात.

हरिपूर_घाट

तुम्ही डोह कमी करत आलात, महिने कमी करत आलात, मासा एकावर आणलात. तो एक तरी कशासाठी, एवढंच मी विचारतेय. तक्रार करायला गळ हातात असावा लागत नाही. दुर्बीण घेऊन बसा.

भोईवाडा_मिरज

दुर्बीण घेऊन बसलात तरी चालेल ताई, पण या एप्रिलमध्ये बसा. पाणी उतरलं की ब्लीचिंगवाले पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान येतात, आणि पावडर नेहमी डोहाच्या वरच्या अंगाला, पाणी शिरतं तिथे टाकतात. त्या तोंडाला दोन माणसं बॅटरी लावून उभी राहिली तरी ते पुढच्या डोहाला जातात. पुढच्या डोहालाही दोन माणसं लागतील. कोण कुठल्या डोहाला बसणार ते इथेच लिहा.