घुमानला (पंजाब) वडिलांना न्यायचंय, कोणी जाऊन आलंय का?

राम राम मंडळी. आम्ही एरंडोलचे, शिंपी समाजाचे. वडिलांनी चाळीस वर्षं मशीनवर काढली, आता म्हणतात पंढरपूर झालं, नामदेव महाराज जिथं शेवटी राहिले ते गाव एकदा दाखव. वय ७१, गुडघे दुखतात. गाडी कोणती, राहायचं कुठं आणि आजूबाजूला काय बघायचं ते सांगा.

रावेरकर: भाऊ, सचखंड एक्स्प्रेस आहे ना, नांदेडहून येते, जळगाव-भुसावळहून सरळ अमृतसर. तिथून गाडी करा, बसच्या बदल्या वडिलांना झेपायच्या नाहीत. घुमान गुरदासपूर जिल्ह्यात आहे, मोठं गाव समजा, आजूबाजूला सगळा गहू न् भात. मुक्काम बटाल्याला केलेला बरा, शहर आहे, औषधं वगैरे लगेच मिळतात. तिथं गुरुद्वारा कंध साहिब आहे, गुरू नानकांच्या लग्नाच्या वेळची मातीची भिंत काचेमागे जपून ठेवलीय, माझी आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

अमळनेरची ताई: दादा, नक्की न्या. मी २०१५ च्या एप्रिलमधे साहित्य संमेलनाला गेले होते, ८८ वं, अध्यक्ष सदानंद मोरे. तिथले लोक 'बाबा नामदेव' म्हणतात, आणि गुरु ग्रंथ साहिबात महाराजांची ६१ पदं आहेत ना, ती रागात गाताना ऐकली न् मला रडूच आलं, भाषा वेगळी पण विठ्ठल, बीठल म्हणून, कानावर येतोच. लंगरमधे पोळीला परशादा म्हणतात, तो दोन्ही हातांची ओंजळ पुढं करून घ्यायचा, एका हातानं नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. डोक्याला टोपी नको, उपरणं किंवा रुमाल बांधा.

रावेरकर: ताई बरोबर बोलल्या. अजून एक, संक्रांतीच्या आसपास तिथं नामदेवांचा मोठा मेळा भरतो पण तेव्हा थंडी न् धुकं इतकं असतं की गाड्या तासनतास लेट होतात, म्हातारं माणूस सोबत असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी नाहीतर मार्चमधे जा. जवळच बियास नदीकाठी श्री हरगोबिंदपूर आहे, तिथं गुरू हरगोबिंदांनी मुसलमान गावकऱ्यांसाठी बांधलेली मशीद आहे, 'गुरू की मसीत' म्हणतात, तीपण बघा.

प्रश्नकर्ता: खूप आभार दोघांचे. वडिलांना वाचून दाखवलं, उपरण्याचं ऐकल्याबरोबर पेटीतनं कापड काढून कडा शिवायला बसलेत, मार्चचं तिकीट बघतो.