पोर्टमँटो शब्दांना मराठीत 'जोडशब्द' म्हणायचं का?

गोदाकाठची:
ब्रंच, स्मॉग, मोटेल, ब्रेक्झिट हे सगळे पोर्टमँटो शब्द, म्हणजे दोन शब्दांचे तुकडे जुळवून केलेला एक शब्द. परवा एका मराठी लेखात त्यांना सरळ 'जोडशब्द' म्हटलेलं वाचलं आणि मला ते अजिबात पटलं नाही. जोडशब्द म्हटलं की भाजीपाला, दगडधोंडे, कागदपत्रं. तिथे दोन्ही शब्द धडधाकट, शेजारी शेजारी. ब्रंचमध्ये मात्र ब्रेकफास्टचा नुसता 'ब्र' उरलाय आणि लंचचा 'ल' गेलाय. कापाकापी झाल्याशिवाय पोर्टमँटो होतच नाही, त्यामुळे त्याला वेगळं नाव पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

नाव कुठून आलं तेही सांगते. पोर्टमँटो म्हणजे प्रवासात कपडे न्यायची बॅग, आधी घोड्यावर टाकून न्यायची. फ्रेंचमध्ये पोर्ते म्हणजे वाहून नेणं आणि मांतो म्हणजे झगा. पुढे ही बॅग मधोमध उघडणारी, दोन कप्प्यांची झाली. १८७१ साली लुईस कॅरॉलच्या 'थ्रू द लुकिंग ग्लास'मध्ये अ‍ॅलिस हम्प्टी डम्प्टीला एका अगम्य कवितेतल्या शब्दांचे अर्थ विचारते, तर तो म्हणतो 'स्लायदी' म्हणजे लाइद अधिक स्लायमी, चपळ आणि बुळबुळीत, एकाच शब्दात दोन अर्थ भरलेत, अगदी पोर्टमँटोसारखे. तिथून हे नाव चिकटलं ते कायमचं.

बाराखडी:
गोष्ट छान आहे पण निष्कर्ष नाही पटला. आपल्याकडे समास आहे की! कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे, मधलं 'घालून केलेले' उडालंच ना, त्याला मध्यमपदलोपी म्हणतात, शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. आणि दोन शब्दांतून तिसराच अर्थ हवा असेल तर बहुव्रीही आहे, नीलकंठ, लंबोदर. इंग्रजीत एखादी गोष्ट दिसली की तिच्यासाठी मराठीत नवा खण पाडायचा ही सवय मला बरी वाटत नाही, आधी आपल्या घरात काय आहे ते तरी बघा.

गोदाकाठची:
घरातलं बघूनच बोलतेय. कांदेपोह्यात जे उडालं ते अख्खं पद उडालं, कांदे आणि पोहे दोन्ही शाबूत आहेत. मी शब्दाच्या आतून कापण्याबद्दल बोलतेय. समासात ते होत नाही.

ठाणे_स्लो:
माझ्या मते मराठीचा तो स्वभावच नाहीये. बॉम्बे आणि हॉलिवूडचं बॉलिवूड, टँगानिका आणि झांझिबार १९६४ ला एक झाले तेव्हा टांझानिया, हे सगळं बाहेरचं. आपण अख्खे शब्द जोडतो. बोलपट बघा, नभोवाणी बघा. जी गोष्ट भाषेत घडतच नाही तिला नाव देऊन करणार काय, पोर्टमँटोच म्हणा, टेबल आणि स्टेशन घेतलंच ना आपण.

करवीरकर:
घडत नाही कसं? धुरकं! धूर अधिक धुकं. थंडीत मुंबई-पुण्याच्या हवेच्या बातम्यांत दर वर्षी येतं. १९०५ साली लंडनमध्ये डॉक्टर दे व्हू यांनी स्मोक आणि फॉगचा स्मॉग लोकांपुढे मांडला, त्याच पद्धतीने आपल्याकडे धुरकं झालंय आणि ऐकणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, इतकं ते मराठी आहे. मला तर हा शब्द स्मॉगपेक्षा सरस वाटतो.

ठाणे_स्लो:
धुरकट आधीपासून आहे ना पण. धूर, धुरकट, धुरकं अशी सरळ ओळ लागते, धुक्याची गरजच नाही.

करवीरकर:
धुरकट काचही असते, धुरकट भिंतही असते. धुरकं फक्त हवेत असतं आणि धुक्यासारखंच पसरतं. धुकं मनात नसतं तर हा अर्थ आलाच नसता.

सीमोल्लंघन:
मला एक सुचवायचंय. फ्रेंच लोकांनी स्वतःचा शब्द यासाठी ठेवलाच नाही, कारण त्यांच्याकडे आता पोर्टमांतो म्हणजे कपडे अडकवायची खुंटी किंवा स्टँड. ते या शब्दांना 'मो-व्हालीझ' म्हणतात, म्हणजे बॅग-शब्द. मग आपणही बॅगच घेऊ, आणि ती आपल्याकडे आहे, पडशी! खांद्यावर टाकायची, पुढे एक कप्पा मागे एक कप्पा, घोड्याच्या पाठीवरही टाकायचे. पडशीशब्द. एका पडशीत दोन अर्थ. मला तर हे फार आवडलंय, लगेच वापरायला घ्यावं असं वाटतं.

ठाणे_स्लो:
आजच्या मुलांना पडशी माहीत तरी आहे का?

सीमोल्लंघन:
इंग्रजी मुलांना तरी पोर्टमँटो बॅग कुठे माहितीये, शब्द चाललाच ना!

बाराखडी:
पडशी गोड आहे, वापरायला माझी हरकत नाही. पण जागा व्याकरणातच द्या, अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही आणि हा पाचवा. नवीन प्रकरण कशाला उघडायचं.

गोदाकाठची:
पाचवा नाही होणार, कारण समासाची परीक्षा म्हणजे विग्रह. नीलकंठ फोडा, नील मिळतं, कंठ मिळतो. आता धुरकं फोडा. धूर घेतला तर उरतं नुसतं 'कं', आणि धुकं पूर्ण करायला तोच 'धु' परत मागावा लागतो. एकच 'धु' दोघांचा आहे, तो विग्रहात कुणाच्या वाट्याला देणार?