टाकसाळीची चूक की नंतरची करामत? तीन नाणी, तीन शंका

नाणेछंद: तिन्ही नाणी ‘टाकसाळीतली चूक’ म्हणून मिळाली आहेत. पहिल्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नाही, वजन ५.७० ग्रॅम, मूळ वजन ६ ग्रॅम. दुसऱ्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसतात. तिसऱ्याच्या एका बाजूला उलटी, खोल गेलेली अक्षरं आहेत. १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा आहे. नेमकं कुठे बघू?

काठपारखी: पहिल्यापासून. धातूच्या पट्टीतून नाण्याच्या कोऱ्या चकत्या पाडताना ठोकणी आधीच्या भोकावर चढली की चकतीच्या कडेला कोर पडते, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा जातो. मग ती कड उचलणाऱ्या यंत्रात जाते. तिथे चकती दोन्हीकडून दाबली जाते. कोर असलेली जागा यंत्रासमोर आली की दाब सुटतो, म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कडही नीट उचलली जात नाही. तेव्हा कोरीपासून १८० अंशांवर बघा: काठ पुसट, बसका आहे का? याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. नंतर कानस मारणाऱ्याला तो आणता येत नाही.

दुसरी खूण कोरीजवळची अक्षरं. ठसा, म्हणजे नक्षी उमटवणारा साचा, बसताना धातू रिकाम्या जागेकडे सरकतो, त्यामुळे तिथली अक्षरं ताणलेली, फिकी होत गेलेली दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर पूर्ण ठसठशीत असतं आणि मधेच तुटतं.

नाणेछंद: समोरचा काठ इतर ठिकाणांसारखाच जाड आहे. एक अक्षर अर्धं कापलेलं, पण उरलेला भाग अगदी ठळक. कापलेल्या कडेवर बारीक समांतर रेघा आहेत.

काठपारखी: मग ते नंतर कापलं आहे. फक्त काठ ठीक आहे एवढ्यावर मी असा निकाल दिला नसता, कारण कोर अगदी लहान असेल तर खऱ्या नाण्यातही हा परिणाम दिसत नाही. पण तुटलेलं ठळक अक्षर आणि कानशीच्या रेघा सोबत आल्या की शंका राहत नाही. वजनाचा इथे उपयोग नाही. तुकडा कधीही गेला तरी वजन तेवढंच घटतं.

ठसाशोध: दुसऱ्याबद्दल. तिरप्या उजेडात धरा. ठसा तयार करतानाच आकृती दोनदा उमटली असेल तर दोन्ही आकडे गोलसर, साधारण सारख्या उंचीचे दिसतात, टोकांना खाच पडते आणि आकडा एकूण जाड होतो. ठोकताना ठसा ढिला असेल तर तो नाण्यावर घसरतो आणि आकड्याच्या बाजूला सपाट, बुटकी पायरी तयार होते. ती पायरी आकड्याच्याच धातूतून निघते, म्हणून मूळ आकडा बारीक झालेला असतो. हा दुसरा प्रकारही टाकसाळीतच घडतो, पण इतका सर्रास सापडतो की संग्राहक त्याला वेगळं मोल देत नाहीत. विकणारे बहुतेकदा हाच पहिला म्हणून खपवतात, आणि हे मला फार खटकतं.

नाणेछंद: सपाट पायरीच आहे. तिसरं?

ठसाशोध: त्याची दुसरी बाजू उलटा. आधी ठोकलेलं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याखाली आली, तर एका बाजूला त्याची आरशातल्यासारखी खोल छाप उमटते. पण दुसऱ्या बाजूला खरा ठसा असतोच, त्यामुळे ती नेहमीसारखी ठळक हवी. शिकंज्यात, म्हणजे वस्तू घट्ट आवळणाऱ्या अवजारात, दोन तयार नाणी दाबून केलेल्या नकलेत मागची नक्षी चपटी होते. शिवाय खोल अक्षरांमधून मूळ नक्षीचे अवशेष डोकावतात. खऱ्या चुकीत त्या बाजूला आधीची नक्षी नसतेच, कारण ती चकती कोरीच होती.

काठपारखी: आणखी एक सोपी कसोटी, कोणत्याही रेघेसाठी. ठशाला तडा गेला तर धातू तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठून येते. ओरखडा खोल जातो. पुसट अक्षराबाबतही तसंच: ठशात वंगण साचून अक्षर उमटलं नसेल तर तिथली पातळी आणि चमक आजूबाजूसारखीच राहते, घासून काढलं असेल तर खळगा आणि समांतर ओरखडे दिसतात. तपासण्याआधी नाणं धुऊ किंवा पुसू नका, कारण चमकेचा हा पुरावा त्यातच जातो.

नाणेछंद: तिसऱ्याची मागची बाजू चपटी आहे, आणि खोल अक्षरांच्या मधे मूळ आकड्याचा वरचा भाग दिसतोय.

ठसाशोध: म्हणजे शिकंजा.