रेघ कागदावरची आणि कातडीवरची

"चित्रात हात बसलेला असेल तर टॅटू म्हणजे फक्त पेनाच्या जागी मशीन," असं इलस्ट्रेटरने टॅटू आर्टिस्ट होण्याबद्दलच्या चर्चेत एकाने लिहिलंय. अर्धंच पटलं. रचना, प्रमाण, छटा यांची जाण इलस्ट्रेटरकडे आयतीच असते, हे खरं. पण कागद सपाट असतो, हलत नाही आणि त्याला दुखत नाही. इथे एका हाताने कातडी ताणून धरत दुसऱ्याने सलग रेघ ओढायची असते. सुई साधारण १ ते २ मिलिमीटर, म्हणजे वरच्या थराखालच्या डर्मिसपर्यंत जायला हवी. उथळ राहिली तर जखम भरताना शाई निघून जाते; जास्त खोल गेली तर रेघेभोवती निळसर डाग पसरतो. आणि इथे अन्डू नाही!

म्हणून मुळात चित्रच बदलावं लागतं. स्क्रीनवर झूम करून काढलेलं बारीक क्रॉसहॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी दिलेली छटा) काही वर्षांत एकजीव होऊन करडा पट्टा दिसू लागतं, कारण कातडीतल्या रेघा हळूहळू रुंदावतात. मोकळी जागा सोडायला शिका. जुन्या ढंगाच्या टॅटूंना एवढी ठळक बाह्यरेषा का, ते तेव्हा कळेल.

टॅटू स्टुडिओत उमेदवारी (शिकाऊ म्हणून काम) मागायला जाताना रंगीत डिजिटल चित्रांपेक्षा स्वच्छ रेघांच्या फ्लॅश शीट्स (तयार टॅटू डिझाइन्सचे कागद) न्या. सराव सिंथेटिक स्किनवर (सरावाच्या कृत्रिम कातडीवर) करा, मित्राच्या दंडावर नको. निर्जंतुकीकरण आणि वापरलेल्या सुयांची विल्हेवाट (कंटाळवाणं आहे, मान्य) आधी शिका, हेपॅटायटिस बीची लस घ्या. उमेदवारीत सुरुवातीला बहुधा हीच कामं वाट्याला येतात, मशीन हातात बरंच उशिरा मिळतं.